फळ्यावर एकच प्रश्न: कशावरून?

प्रश्न असा आला आहे: “यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मराठी शिकवतो. यंदा मुलांना तीन लेखनं दिली. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातलं सोनं’ ही कथा, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा सिनेमा आणि महाडचा सत्याग्रह व अमेरिकेतल्या माँटगोमेरीचा बस बहिष्कार यांची तुलना. तिन्हींत मुलांनी घडलं ते लिहून आणलं आणि शेवटी बोध जोडला. विश्लेषण करा म्हटलं तर एक पोट्टा म्हणतो, ‘सर, गोष्ट तं पूरी लिहली, आता अजून काय लिहाचं?’ त्याला काय सांगू? शिवाय मुलं वऱ्हाडीत लिहितात. गुण कापायचे का?”

सर, त्या मुलाचा प्रश्न रास्त आहे, त्याला सरळ उत्तर मिळालं पाहिजे. दहावी-बारावीपर्यंत त्याला सारांशाचे आणि बोधाचेच गुण मिळत आले. गाईडमध्येही तेच होतं. कॉलेजात आल्यावर आपण अचानक ‘विश्लेषण’ म्हणतो आणि ते करून कोणी दाखवत नाही. मी अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यावरच्या कॉलेजात वर्षानुवर्षं मराठी शिकवलं, इतिहासाचे प्रकल्पही तपासले. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी ‘विश्लेषण’ हा शब्दच काढत नाही. मूल काही म्हणालं की एवढंच विचारते: कशावरून? ‘भीमा लोभी आहे.’ कशावरून? ‘सिनेमातल्या जब्याला राग येतो.’ कशावरून? ‘महाडमुळे पाणी खुलं झालं.’ कशावरून, आणि कधी?

प्रश्न एकच, पण पुरावा तिन्ही ठिकाणी वेगळा लागतो. मुलांचा सगळा घोळ इथेच होतो. कथेत पुरावा म्हणजे लेखकाने निवडलेले शब्द आणि प्रसंगांचा क्रम. सिनेमात जे दिसतं आणि ऐकू येतं ते. इतिहासात ठराव, निकाल, पत्रक, तारीख, साक्ष. मुलं सिनेमावर लिहिताना गोष्टीसारखं लिहितात आणि इतिहासावर लिहिताना सिनेमासारखं: एक नायक, एक दिवस, एक विजय. हे तुम्ही वर्गात उलगडून दाखवलंत की अर्धं काम झालं.

आधी कथा. पहिली अट घाला: गोष्ट तीन ओळींत. चौथ्या ओळीपासून गोष्ट सांगायची नाही. मुलं कुरकुरतील, पण करतील. ‘स्मशानातलं सोनं’ तीन ओळींत अशी बसते: खाणीतलं काम सुटलेल्या भीमाला स्मशानाच्या राखेत सोनं सापडतं आणि तो प्रेतं उकरून पोट भरू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि ती तो गमावतो. त्यानंतर कळतं की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होते आहे.

आता विचारा: खाण सुरू झाल्याची बातमी लेखकाने शेवटी का ठेवली? ती एक दिवस आधी आली असती तर? मुलांना यावर बोलू द्या, लगेच लिहायला लावू नका. आमच्याकडे एकदा हाच प्रश्न टाकल्यावर पंधरा मिनिटं वर्ग तापला होता. एक म्हणाला, “मग तो रातच्याला गेलाच नसता.” दुसरी म्हणाली, “मंग दोष त्याचा नाई, खाणीचा हाय.” झालं. हे वाक्य कुठल्या गाईडात नाही. त्या मुलीने वहीत लिहिलं त्याचा आशय असा: भीमाला लोभी म्हणता येत नाही, कारण आधी काम जातं आणि शेवटी काम परत येतं, सोन्याचा सगळा भाग या दोन घटनांच्या मधे आहे, काम असतं तर सोनं नसतं. शिवाय ज्या हातांनी त्याने डोंगर फोडला त्याच हातांची बोटं जातात, म्हणजे खाण उघडली तरी भीमासाठी ती उघडत नाही. तिने कथेबाहेरचं काहीच आणलं नव्हतं. प्रसंगांची जागा दाखवली आणि त्यावरून एक म्हणणं मांडलं. त्या मुलाच्या ‘अजून काय लिहाचं’चं उत्तर म्हणून हाच परिच्छेद वाचून दाखवा.

लेखकाचं चरित्र अर्धं पान लिहिण्याची सवय मात्र मोडा. कुठे जन्मले, किती शिकले, हे लिहायचं असेल तर त्याने वाचन बदलतं हे दाखवायचं. नाहीतर ती जागा भरणं आहे.

सिनेमा मुलांना सोपा वाटतो आणि लिहिताना सगळ्यांत अवघड जातो, कारण पाहताना ते इतके आत शिरतात की कोणीतरी हे ‘मांडलं’ आहे याचा विसर पडतो. ‘फँड्री’वर लिहिताना आपल्याकडची मुलं फार हळवं लिहितात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. डुकरामागे धावणारं जब्याचं ते घर त्यांनी गावात पाहिलेलं असतं, काहींचं तर ते स्वतःचं घर असतं. पण हळवेपणाच्या पुढे जाण्यासाठी सिनेमाची दहा मिनिटं पुरतात, अख्खा सिनेमा पुन्हा लावायची गरज नाही. शेवटचा डुक्कर पकडण्याचा भाग घ्या. एकदा आवाज बंद करून दाखवा, एकदा पडद्यावर कापड टाकून नुसता ऐकवा. प्रोजेक्टर नसेल किंवा लाइन गेली असेल तर चार-चार मुलांत एक मोबाइल चालतो. मग दोन रकाने करायला सांगा: काय दिसलं, काय ऐकू आलं. तिसरा रकाना, ‘मला काय वाटलं’, दुसऱ्या दिवशी.

या पद्धतीने पाहिलं की मुलांच्या वहीत वेगळ्या गोष्टी येऊ लागतात. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी थांबतं. पकडलेलं डुक्कर घेऊन जाताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. गाडगेबाबा म्हटल्यावर आपल्या भागातली मुलं सावरून बसतात, दर्यापूरकडची तर विशेष. इथे मुलं लगेच लिहितात, ‘दिग्दर्शकाला समतेचा संदेश द्यायचा आहे.’ तिथे थांबवा. कशावरून? भिंतीवरची माणसं आणि भिंतीसमोरून जाणारी माणसं एकाच चौकटीत आहेत, पण पात्रांपैकी कोणी त्या भिंतीकडे बघतं का? कोणी त्यावर बोलतं का? चित्रं शाळेच्या भिंतीवर आहेत आणि काम शाळेबाहेर चाललं आहे, त्या अंतराबद्दल लिहा म्हणावं. ‘संदेश’ हा शब्द वहीत खोडायला लावा. तो शब्द आला की पुढचा विचार थांबतो, असा माझा अनुभव आहे.

आणि तो शेवटचा दगड. बहुतेक मुलं लिहितात की जब्याने चिडवणाऱ्याला दगड मारला. गोष्ट म्हणून बरोबर. पण दगड येतो कॅमेऱ्याच्या दिशेने आणि पडदा काळा होतो. म्हणजे त्या क्षणी चिडवणाऱ्याच्या जागी कोण बसलेलं आहे? हा प्रश्न विचारून मी गप्प बसते. वर्गात ज्यांच्या घरी डुकरं पाळत नाहीत अशी मुलं जास्त असतात. त्यांच्यातलाच कोणीतरी हळूच म्हणतो, “आपण.” मग ते ‘आपण’ त्याने वहीत लिहावं आणि कॅमेरा तोवर कुठे कुठे उभा होता ते पुराव्यादाखल सांगावं.

आता इतिहास. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण नुकसान इथे जास्त होतं. कथा चुकीची वाचली तर मुलाचे चार गुण जातील. हक्कांचा लढा चुकीचा वाचला तर हक्क मिळतात कसे हेच त्याला कधी कळणार नाही.

मुलं लिहितात: ‘रोझा पार्क्स दिवसभराच्या कामाने थकल्या होत्या, म्हणून त्या उठल्या नाहीत आणि त्यातून चळवळ उभी राहिली.’ कशावरून? बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही म्हणून १ डिसेंबर १९५५ला अटक झाली तेव्हा पार्क्स माँटगोमेरीत कित्येक वर्षं हक्कांच्या संघटनेत काम करत होत्या, तिथल्या शाखेच्या चिटणीस राहिल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर लोकशाळेत त्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. अंग थकलं होतं म्हणून बसून राहिले असं नव्हतं, हे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. त्यांच्याआधी नऊ महिने, २ मार्च १९५५ला, क्लॉडेट कॉल्विन या १५ वर्षांच्या मुलीला त्याच शहरात याच कारणासाठी अटक झाली होती. मुलींना हे सांगा, आणि पुढचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या: मग बहिष्कार मार्चमध्ये का नाही झाला? उत्तर शोधताना त्यांना नेतृत्वाचे हिशेब दिसतील, कोणाचा चेहरा पुढे करायचा याच्या चर्चा दिसतील. जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने एका रात्रीत हजारो पत्रकं छापून काढली, तेही दिसेल. आणि शेवट लागला तो न्यायालयात. ज्या खटल्यात बसमधल्या वेगळ्या जागा घटनाबाह्य ठरल्या त्यात वादी म्हणून पार्क्स नव्हत्या, कॉल्विनसह चार बायका होत्या. बहिष्कार ३८१ दिवस चालला. मुलं या सगळ्यातला ‘थकलेल्या बाईचा एक दिवस’ तेवढा उचलतात.

महाडचंही तसंच होतं. वहीत २० मार्च १९२७ असतो, चवदार तळं असतं, ओंजळभर पाणी असतं आणि विजय असतो. त्या दिवसाचं मोल कमी करायचं कोणाच्या मनात येणार नाही. पण तो दिवस कुठून आला आणि पुढे कुठे गेला हे लिहिल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४मध्ये तळं खुलं असल्याचं ठरवलं. कागदावर हक्क होता, पाण्याला हात लावायची सोय नव्हती. मग मार्च १९२७, बाबासाहेबांची महाडची परिषद. पाणी प्यायल्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेने आपलाच ठराव त्याच वर्षी मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, पण कोर्टाची मनाई आल्याने तळ्यावर जाणं थांबवलं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली ती या परिषदेत. आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७मध्ये. दहा वर्षं. या तारखा मुलांना पाठ करायला देऊ नका. फळ्यावर एका ओळीत मांडा आणि विचारा: यातल्या कुठल्या तारखेला ‘पाणी मिळालं’ म्हणायचं? वर्गात तीन गट पडतील आणि प्रत्येकाकडे काहीतरी पुरावा असेल. तिथून लिहायला बसवा.

तुलना या दोन रांगा शेजारी ठेवल्यावर होते. तुमच्या मुलांनी लिहिलं असणार, ‘दोन्ही ठिकाणी अन्यायाविरुद्ध अहिंसक लढा झाला.’ हे वाक्य खरं आहे आणि त्यात काही नाही. याउलट हे बघा: माँटगोमेरीत वेगळं बसवणं हाच शहराचा आणि राज्याचा लिखित कायदा होता, म्हणून तो मोडायला न्यायालयात जावं लागलं. महाडला लिखित ठराव लोकांच्या बाजूने होता, गाव विरुद्ध होतं. सत्याग्रह मिळालेला हक्क वापरून बघण्याचा होता, आणि न्यायालयात विरोधी बाजू गेली. एकीकडे कायदा बदलायचा होता, दुसरीकडे कायदा चालता करायचा होता. एवढा फरक एखाद्या मुलाने स्वतःच्या वाक्यात लिहिला तर त्याला भरभरून गुण द्या. पुढे अस्पृश्यता बंद करणारं राज्यघटनेचं कलम १७ का लागलं, १९५५चा अस्पृश्यता गुन्हे कायदा का आला आणि १९७६मध्ये त्यालाच नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव का दिलं, हे प्रश्न त्यातूनच निघतात.

तुलनेतला एक मोह मात्र आवरायला शिकवा: तारखा जुळल्या म्हणजे संबंध जुळला असं नाही. माँटगोमेरीचे लोक पायी चालत होते त्याच काळात, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात धम्मदीक्षा झाली. बहिष्कार २० डिसेंबर १९५६ला संपला आणि त्याच दिवशी वलगावजवळ गाडगेबाबा गेले. असं काही हाती लागलं की मुलांना फार आनंद होतो आणि ते लगेच ‘योगायोग नव्हे’ लिहितात. कशावरून? धागा दाखवता आला पाहिजे. जिथे तो दाखवता येतो तिथे जरूर लिहा: बाबासाहेबांनी १९४६मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यूबॉइस यांना पत्र लिहिलं होतं, १९७२मध्ये मुंबईत निघालेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून.

महाड दूर वाटत असेल तर आपल्याकडचं द्या. अमरावतीला अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न १९२७मध्येच पेटला होता, त्या नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते, पंजाबराव देशमुख त्या खटपटीत होते. जुलै १९४२मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. मुलींना मी हमखास हा विषय देते. एवढ्या जवळच्या बायका आपल्या पाठ्यपुस्तकात का नाहीत, असं त्या स्वतःहून विचारतात.

घरच्या साक्षी ही विदर्भातल्या मुलांची सगळ्यांत मोठी ठेव आहे. प्रत्येक दुसऱ्या घरात ‘आमचे आजोबा दीक्षाभूमीवर होते’ असं सांगणारं कोणी असतं. ही साक्ष कशी तोलायची ते शिकवा. मूल चंद्रपूरकडचं आहे असं धरा. त्याने लिहिलं की पणजोबांनी दसऱ्याला नागपुरात बाबासाहेबांच्या समोर दीक्षा घेतली, पण आजी सांगते की ते चालत चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला गेले होते. दोन्ही खरं असू शकतं, कारण चंद्रपूरला १६ ऑक्टोबरला दीक्षेचा सोहळा झाला होता आणि बाबासाहेब तिथेही होते. पुढच्या पिढीत दोन्ही आठवणी एक होतात. आजीला खोटं पाडायचं नाही. विचारायचं: कोणासोबत गेले, कशाने गेले, रात्री कुठे टेकले, परत आल्यावर घरात काय बदललं? आजीला तारीख चुकेल, घरातले देव कधी आणि कोणी उचलले हे चुकणार नाही. इतिहासात ती साक्ष कशासाठी भरवशाची आहे आणि कशासाठी नाही, एवढं मुलाने लिहिलं की ते काम पदव्युत्तर वर्गाच्या तोडीचं झालं.

दोन गोष्टी मी आग्रहाने सांगते, त्यांत तडजोड नाही. पहिली: कुठल्याही मुलाला ‘तुझ्यावर आलेला जातीचा प्रसंग लिही’ असं काम द्यायचं नाही. गावात वर्ग म्हणजे गावच असतं. शेजारच्या बाकावर कोण बसतं हे त्या मुलाला आणि तुम्हालाही ठाऊक आहे. त्याने आपणहून लिहिलं तर मान ठेवून वाचा आणि त्याच्या परवानगीशिवाय वर्गात वाचून दाखवू नका. गुणांसाठी कोणाचा अपमान मागायचा नाही. दुसरी: ‘आता तसं काही राहिलं नाही’ हे वाक्य आलं तर रागावू नका. तेही एक म्हणणं आहे, त्यालाही कशावरून विचारा. आपल्या गावात वस्ती कुठल्या टोकाला आहे, नळ आधी कोणत्या गल्लीत आला, स्मशानाची वाट किती, हे स्वतः पाहून लिही म्हणावं. पुरावा घेऊन मूल काय निष्कर्षाला येतं ते त्याचं.

आता वऱ्हाडीचं. गुण कापू नका. पहिला खर्डा पूर्ण वऱ्हाडीत लिहू द्या, विचार त्याच बोलीत धावतो. पक्क्या खर्ड्यात मुलाचं स्वतःचं विवेचन प्रमाण मराठीत यावं, कारण परीक्षेचा पेपर कुठे जाईल ते आपल्या हातात नाही. पण आजीची साक्ष, कथेतला संवाद, सिनेमातलं बोलणं जसंच्या तसं ठेवा. ‘मले बाबासायबायनं हात जोडाले लावले नाई, उभं राहाले लावलं’ असं कोणी आजी म्हणाली असेल तर ते प्रमाण मराठीत आणून मुलाने काय मिळवलं?

ऐंशी वह्या तपासायच्या असतात, हेही मला माहीत आहे. त्यासाठी मुलांनाच कामाला लावा. वही जमा करण्याआधी प्रत्येकाने आपल्या लेखाखाली पेन्सिलने रेघा ओढायच्या: घडलेलं सांगणाऱ्या वाक्याखाली एक, स्वतःचं म्हणणं असलेल्या वाक्याखाली दोन, पुराव्याच्या वाक्याखाली नागमोडी. पानभर एकेकच रेघ दिसली की मूल स्वतःच वही परत मागतं. दोन रेघा आहेत आणि नागमोडी नाही, तर घोषणा झाली. तुम्ही फक्त दोन रेघा आणि नागमोडी जिथे शेजारी आहेत तिथे वाचा आणि समासात लिहा. ‘छान’ लिहू नका, प्रश्न लिहा.

क्रम विचाराल तर आधी सिनेमाची दहा मिनिटं, मग कथा, मग महाड आणि माँटगोमेरी. घरच्या साक्षीचं काम कापूस वेचणीच्या दिवसांत देऊ नका. तेव्हा मुलं वर्गात नसतात आणि म्हातारी माणसंही वावरात असतात. संक्रांत झाली, वेचणी आटोपत आली की द्या. आणि मुलांना सांगा, आजीकडे वही घेऊन बसायच्या आधी तिचं काम आवरू द्या.